शंभर घोडे, दोन तळहात

शिरूरला चालले आहे म्हटल्यावर स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न आला, "तिथं काय आहे पाहायला?" प्रश्न चुकीचा नव्हता. आम्ही चिपळूणची माणसं प्रवासाला निघालो की देव, किल्ला नाहीतर थंड हवा, यांपैकी काहीतरी एक लागतं. मी म्हटलं, मैत्रीण आहे. त्यावर सगळ्यांच्या चेहऱ्यावर 'बिचारी' असं उमटलं. चार दिवसांनी मी परत आले ती एक मोटार आणि एक चढ पाहून. याहून जास्त सांगण्यासारखं कुठल्याच सहलीत माझ्या हाती लागलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

शिरूर, पहिला दिवस

सुमन आणि मी डी.एड.ला एका खोलीत राहत होतो. आता ती न्हावऱ्याच्या अलीकडे सासरच्या वस्तीवर राहते आणि जवळच्याच प्राथमिक शाळेत शिकवते. तिचा नवरा दिनकर रांजणगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पंधरा वर्षं ती मला बोलावत होती आणि पंधरा वर्षं मी 'पुढच्या सुट्टीत' म्हणत होते. दोन हजार चारच्या फेब्रुवारीत माझ्या रजा वाया जायला आल्या, तेव्हा कुठे माझं पाऊल उचललं.

शिरूरच्या स्टँडवर उतरले आणि आधी डोळ्यांनाच चुकल्यासारखं झालं. आमच्याकडे रस्ता म्हणजे वळण आणि वळणापुढे दुसरं वळण. इथे रस्ता नजर थकेपर्यंत दिसत राहतो. आभाळाला कुठे डोंगराचा टेकू नाही. एवढं आभाळ एका वेळी बघायची सवय नसल्यामुळे मी जरा वेळ बॅग हातात धरून तशीच उभी राहिले.

दिनकर आणि सुमन मला न्यायला आले होते ते लाल रंगाच्या एका ठेंगण्या मोटारीतून. मी जीपची कल्पना केली होती. एवढ्या मोठ्या माळावर ही एवढीशी गाडी काय करणार, असं मनात आलं आणि बहुधा चेहऱ्यावरही आलं, कारण दिनकर लगेच बोलायला लागला. एरवी हा माणूस अबोल. सुमन म्हणते, लग्नानंतर पहिले सहा महिने तिला त्याचा आवाजच नीट ठाऊक नव्हता. पण मोटारीचा विषय निघाला की त्याला धरबंध राहत नाही. कंपनीतल्या एका साहेबाची बदली झाली, त्यांनी ही गाडी काढली आणि याने जुन्या जीपच्या किमतीत ती घेतली. इंजिन सोळाशे सीसीचं, ताकद शंभर हॉर्सपॉवर, आणि ती सगळी पुढच्या दोन चाकांना. मागची दोन नुसती सोबतीला.

"आपल्याकडच्या जीपला साठबी घोडे न्हाईत, ताई," तो म्हणाला. "आन् ही वजनाला तिच्याहून हलकी."

मला घोड्यांत फारसा रस नव्हता, चहात होता. सुमनचंही तेच म्हणणं पडलं. पण घराच्या उलट दिशेला गाडी वळवून त्याने आम्हाला रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नेलं. सुट्टीचा वार होता. एरवी कंपन्यांच्या बसगाड्या आणि मोटारसायकलींनी भरलेले आतले रस्ते रिकामे होते. रुंद, सरळ, दुतर्फा कुंपणं. एका रस्त्याच्या टोकाला त्याने गाडी थांबवली, पुढेमागे नीट पाहिलं, मला पट्टा लावायला सांगितलं आणि क्लच सोडला.

मी अठरा वर्षं विज्ञान शिकवते आहे. घर्षणाचा धडा माझा तोंडपाठ आहे. फळ्यावर लाकडाचा ठोकळा काढायचा, त्याला दोरी बांधायची, बाण दाखवायचे. त्या ठोकळ्यात इतकं काही दडलेलं असेल याची मला गंधवार्ता नव्हती. आधी पुढची चाकं किंचाळली. गाडी जागच्या जागी बावचळल्यासारखी झाली, स्टिअरिंगने डावीकडे हिसका दिला आणि दिनकरने ते दोन्ही हातांनी सरळ धरलं. नाक वर उचललं गेलं. मग दुसरा गिअर पडला, किंचाळणं थांबलं आणि रबराने रस्ता धरला. त्या क्षणी माझी पाठ सीटमध्ये रुतली आणि पोटातलं सगळं पाठीला जाऊन चिकटलं. मी मनात पाच म्हणेपर्यंत काटा साठाच्या पुढे गेला होता. घाटातल्या बसने ब्रेक लावल्यावर पुढे आपटायची मला सवय आहे, पण मला मागे दाबून धरणारं असं काही आयुष्यात भेटलं नव्हतं.

रस्ता संपायच्या आत त्याने गाडी शांतपणे थांबवली. मी खाली उतरले. दिनकर पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला आणि जिथे टायर डांबराला टेकला होता तिथे त्याने आपला तळहात धरला.

"बघा ताई, गाडी जमिनीला टेकते ती एवढीच. एका चाकाला एक तळहात. घोडे शंभर हायेत, पण धरायला तळहात दोनच."

रेस जास्त दिली की नाक उचलतं, म्हणजे पुढचं वजन मागे जातं, आणि ओढायचं तर पुढच्यांनाच असतं. त्यामुळे जितका जोर लावावा तितकी पकड सुटते, असं त्याने समजावलं. मी रस्त्यावरच्या काळ्या रेघांकडे बघत राहिले. शंभर घोड्यांचं बळ माझ्या हाताएवढ्या दोन जागांतून जातं आणि आपण चौघं-पाच जण त्या भरवशावर निर्धास्त गप्पा मारत बसतो. माझ्या अंगावर खरोखर काटा आला. सुमन म्हणाली, आता तरी चहा.

वस्ती, दुसरा दिवस

दिनकरचे वडील म्हणजे आबा. सत्तरी ओलांडलेले, काटक, डोक्याला लाल पागोटं. चिपळूणची म्हटल्यावर त्यांनी मला नीट पाहून घेतलं. तरुणपणी ते मेंढरं घेऊन घाट उतरायचे आणि पेणपर्यंत जायचे. कोकणातली माणसं भात खातात म्हणून झोपाळू असतात, हे त्यांचं मत होतं. पुढे पाटाचं पाणी आलं, मेंढरं गेली, कांदा आणि ऊस आला, बैल आले. दोन वर्षांपूर्वी भावकीत ट्रॅक्टर आला आणि बैलही विकले. जुन्या बैलगाडीचं एक चाक अजून गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं आहे.

जेवायला मासवडी होती. मी आशेने पाहिलं, पण तीत मासा नव्हता. बेसनाच्या पापुद्र्यात तीळ-खोबऱ्याचं झणझणीत सारण आणि वर काळ्या मसाल्याचा रस्सा. सोबत बाजरीची भाकरी. भात आला तो अगदी शेवटी, पाहुण्यांना निरोपाचं पान द्यावं तसा दोन घास. आमच्याकडे भाताशिवाय जेवण सुरूच होत नाही, असं मी म्हणाले. आबांनी सुमनकडे 'सांगितलं नव्हतं का' अशा नजरेनं पाहिलं.

लाल गाडीवर आबांचा राग होता. दिनकरने न विचारता घेतली हा पहिला अपराध. त्यांचं म्हणणं असं, की हिच्यात पोतं मावत नाही, ही चिखलात चालत नाही, मग ही गाडी कशाची? बसायची वेळ आलीच तर ते मागच्या सीटवर बसत आणि उतरेपर्यंत बोलत नसत. पाडव्याला ही विकून जीप घ्यायची असं दिनकरने कबूल करून टाकलं होतं. त्या संध्याकाळी तो गाडी धूत होता आणि ज्या निगुतीने धूत होता ते बघून मलाच वाईट वाटलं.

दिवेलागणीला फोन वाजला. आबांची धाकटी लेक मंगल जतकडे दिलेली आहे. जावई फौजेत. मंगलला तीन महिन्यांपूर्वी मुलगी झाली होती. पहिलं बाळंतपण इथे झालं होतं, हे दुसरं, म्हणून सासरीच. बारशाला आबा जाणार होते, तर नेमकी त्यांना कावीळ झाली. नंतर जाऊ, नंतर जाऊ करता राहून गेलं. आता फोनवर मंगल सांगत होती की जावयांची रजा अर्ध्यात तोडली आहे, पंजाबात क्वार्टर मिळालंय, उद्या पुण्यावरून जाणाऱ्या गाडीने सगळे निघतायत. इकडे यायला वेळ नाही. पण गाडी दौंडला अर्धा तास थांबते, इंजिन बदलायला. दुपारी सव्वा वाजता येते, पावणेदोनला सुटते.

आबांनी फोन ठेवला, आत गेले आणि एक गाठोडं घेऊन आले. उलगडलं तर आत हातभर लांबीचं काळं घोंगडं होतं, काठाला पांढरी रेघ. त्यांच्या घराची रीत अशी, की जन्मलेल्या लेकराला आजोळच्या मेंढराच्या लोकरीचं घोंगडं द्यायचं आणि आज्याने ते आपल्या हाताने पांघरायचं. मेंढरं गेल्यावरही आबांनी एवढ्यासाठी दोन मेंढ्या राखल्या होत्या. लोकर कातरून सूत त्यांनी स्वतः काढलं आणि शेजारच्या गावच्या सणगराकडून विणून आणलं. बारशाला दिनकर गेला तेव्हा त्याच्याबरोबर का नाही पाठवलं, असं मी विचारलं.

"त्याच्या हातानं कसं चालंल, बाई?" आबा म्हणाले. "आजा मी हाय."

तिकडची नेमणूक तीन वर्षांची, तोवर आता मंगल येणार नव्हती. घोंगडं घडी घालून उशाशी ठेवून आबा लवकर झोपले. घर शांत झालं. उद्याचा तो अर्धा तास सगळ्यांच्या मनात होता.

चढ, तिसरा दिवस

वस्ती ओढ्याकाठी, खोलगट जागी आहे. डांबरी रस्ता वर. मध्ये शंभरेक पावलांची कच्ची वाट, दुमजली घराएवढी उंच चढणारी. फेब्रुवारीत ती दगडासारखी कडक असते, असं सगळे म्हणतात. पण शेजारचे तुकाराम मामा उसाला पाणी देत होते, पाटाला पाणी सुटायची पाळी, आवर्तन होतं, आणि वाफ्यांची दारं धरता धरता बांधावरच त्यांचा डोळा लागला. दारं मोडून पाणी दुसरीकडे वळवायचं राहिलं. सकाळी उठून बघतो तर वरच्या वावरातलं पाणी वाटेवरून खाली आलेलं, आणि काळ्या मातीचा लोण्यासारखा चिखल झालेला. मामा तोंड लपवून फिरत होते.

एरवी याचं कुणाला काही वाटलं नसतं. ट्रॅक्टरने ओढून काढली असती. पण ट्रॅक्टर ऊस घेऊन कारखान्यावर रांगेत उभा होता. भावकीतली जीप पहाटेच तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराला गेलेली. वर चालत जाऊन वडाप धरावं, तर प्रवासी भरून नेणाऱ्या त्या सगळ्याच जीपा आज बाजाराकडे वळलेल्या. राहिली ती एकटी लाल गाडी.

साडेदहाला आम्ही निघायचं ठरलं होतं. दिनकरने गाडी चढाला लावली, निम्म्यात पुढची चाकं गरगरली आणि गाडी हळूच मागे घसरत खाली आली. दुसऱ्यांदा त्याने लांबून वेग घेतला आणि पाय पूर्ण दाबला. इंजिन नुसतं कोकललं. चिखलाचे फवारे सुमनच्या नव्या साडीवर. शंभरच्या शंभर घोडे जागच्या जागी नाचत होते.

तोपर्यंत वस्तीवरची माणसं जमली. काय करायचं हे प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण पिकअप आणि जीप अडकली की ते दर पावसाळ्यात हेच करतात. मागे वजन टाकायचं. बघता बघता डिकीत कांद्याची चार पोती चढली. दोन तगडी माणसं मागच्या बंपरवर उभी राहिली आणि डिकीचं झाकण धरून खालीवर हिंदकळायला लागली. दिनकरने रेस दिली. या वेळी गाडी निम्म्यापर्यंतसुद्धा गेली नाही. चाकांनी तिथल्या तिथे दोन चकचकीत खळगे पाडले. मग उसाचं पाचट घातलं, ते चाकाखालून सर्रकन मागे उडून गेलं. साडेअकरा वाजले.

मी, विज्ञानाची शिक्षिका, पदर खोचून बघत उभी होते. मला धडा पाठ होता आणि तरी काही सुचत नव्हतं, हे इथे कबूल करते.

आबा इतका वेळ एका दगडावर बसून होते, गाठोडं मांडीवर. ते उठले. गाठोडं सुमनच्या हातात दिलं, गाडीच्या बाजूला येऊन उकिडवे बसले आणि डोळे बारीक करून तिच्याकडे आडवं पाहिलं. मागची बाजू दबलेली, नाक वर.

"दिनू, गाडी उलाळ झाली हाय," ते म्हणाले.

आजूबाजूच्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांनी एकदम माना डोलावल्या. मग तुकाराम मामांनी मला समजावलं. बैलगाडीत भार मागे जास्त झाला की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं. मग बैल कितीही तगडे असोत, ओढणार कशाने? अशा वेळी गाडीवान सरकून धुरेवर, अगदी बैलांच्या पाठीशी येऊन बसतो.

"हिचं बैल कुठं जुंपल्यात?" आबांनी दिनकरला विचारलं.

"पुढं."

"मंग मानंवर वजन नगं का?"

दिनकरने कपाळावर हात मारला. परवा रांजणगावला त्यानेच मला नाक उचलण्याची गोष्ट सांगितली होती, आणि तरी चिखल पाहिल्यावर त्याचा हात मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीपच्या सवयीने पोत्यांकडे गेला होता. त्या सत्तरीच्या माणसाने सहा महिने या गाडीकडे पाठ फिरवली होती. आणि एकदा सरळ बघितल्याबरोबर तो तिच्या पोटात शिरला. मला हात जोडावेसे वाटले.

आणि त्याच झटक्यात माझ्याही डोक्यात उजेड पडला. बैल पुढे हे खरं, पण चढावर गाडीचा भार खालच्या बाजूला ओसरतो, म्हणजे मागे. आम्ही भार चुकीच्या टोकाला टाकला होता आणि चढही त्याच टोकाला टाकत होता. मग बैल खालच्या बाजूला घेतले तर?

मी म्हटलं, "गाडी फिरवा. उलटी चढवा."

दिनकर माझ्याकडे बघत राहिला. रिव्हर्समध्ये, एवढा चढ? कुणीतरी हसलं. मी काटकी घेतली आणि चिखलातच आकृती काढली. चढ, गाडी, बाण. ठोकळा नव्हे, गाडी. अठरा वर्षांत इतक्या मन लावून मी आकृती काढली नसेल. माणसं माना वाकवून बघत होती, पण हो म्हणायला कुणी तयार नव्हतं. शेवटी सगळे आबांकडे वळले.

आबांनी वेळ घेतला. "बाई बराबर बोलत्यात," ते म्हणाले. "मेंढरू चढतंय तवा मागचा पाय रुतवून चढतंय. पुढचा नुसता टेकतो. जोर खालच्या पायात असतो."

यापुढे वाद नव्हता. डिकीतली पोती उतरली. दहा जणांनी गाडी ढकलत खाली खळ्याच्या कडक जमिनीवर नेली आणि तिथे ती फिरवली. आता तिची शेपटी चढाकडे आणि तोंड वस्तीकडे. बॉनेटवर एका बाजूला तुकाराम मामांचा पैलवान पुतण्या बसला. दुसऱ्या बाजूला कोण, यावर बोलणं चाललेलं असताना आबांनी पागोटं घट्ट केलं आणि स्वतःच चढून बसले, गाठोडं पुन्हा मांडीवर. सुमन नको नको म्हणत होती. धुरेवर गाडीवानच बसतो, असं आबांनी तिला सांगितलं. मग काचेवर बोटांनी टकटक केली.

"दिनू, रेस देऊ नगंस. लेकराला चालाया शिकिवतो तसं चल."

दिनकरने खिडकीतून मान मागे वळवली आणि क्लच इतका सावकाश सोडला की सुरुवातीला काही होतंय असंच वाटेना. मग चाकं एकदा फिरली. किंचाळली नाहीत, उडाली नाहीत. काळ्या चिखलात त्यांच्या नक्षीचा ठसा स्वच्छ उमटला आणि त्याच्यापुढे दुसरा ठसा उमटला. गाडी चढायला लागली. शेपटीकडून, हळूहळू, कुठेही न थांबता. बॉनेटवर बसलेले आबा वस्तीकडे तोंड करून वर वर जात होते, समोर आपलं घर लहान होत जाताना बघत. त्या दोन तळहातांनी माती धरली होती, बस्स एवढंच घडत होतं, आणि ते मला डोळ्यांदेखत दिसत होतं.

गाडी डांबरावर पोचली तेव्हा साडेबारा झाले होते.

दौंड, त्याच दिवशी

पन्नासेक किलोमीटर आणि एक तास पंधरा मिनिटं. जीपला दीड तास लागतो, असं दिनकर म्हणाला. पुढे तो, शेजारी सुमन, मागे आबा आणि मी. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, एकीला एक जोडलेल्या, रस्ता भरून डुलत जाणाऱ्या. एकेका ट्रॉलीमागे तो थांबायचा, समोरचा रस्ता मोकळा दिसला की गिअर उतरवायचा, आणि गाडी अशी काही पुढे झेपावायची की ट्रॉली मागे उभीच राहिल्यासारखी वाटायची. परवा मी घाबरले होते. आज मला ते बळ समजत होतं, कुठून येतं आणि कुठे टेकतं ते. पारगावला भीमेचा पूल ओलांडताना खाली बघायचंही राहिलं.

केडगावला रेल्वेचं फाटक बंद होत होतं. आमच्यापुढे तीन ट्रॉल्या, एक टेम्पो. दिनकरने इंजिन बंद केलं. मिनिटभराने पुण्याकडून गाडी आली. निळे डबे धडधडत जायला लागले आणि सुमन हळूच म्हणाली, "हीच असणार."

आबा दार उघडून खाली उतरले. फाटकापाशी जाऊन त्यांनी गाठोडं सोडलं आणि ते काळं घोंगडं दोन्ही हातांनी वर धरलं. एकेक डबा जात होता. खिडक्यांत माणसं होती, पण एवढ्या वेगात चेहरे कुठले दिसणार? शेवटचा डबा गेल्यावर त्यांनी घोंगडं पुन्हा घडी घातलं, आधीच्याच घड्यांवर, आणि येऊन बसले. त्यांचा चेहरा बघवेना. मी खिडकीबाहेर पाहायला लागले.

फाटक उघडलं तरी ट्रॉल्या हलायला वेळ लागला. चौफुल्याला हमरस्ता लागला आणि मग दिनकरने गाडीला खरी मोकळीक दिली. काटा शंभराच्या पुढे, एकशे दहा, एकशे वीस. मला वाटलं होतं आबा ओरडतील. ते दोन सीटांच्या मधून पुढे वाकून रस्ता बघत होते.

"आता पाय टेकल्यात तिचं," ते म्हणाले. या गाडीविषयी त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला चांगला शब्द.

दौंड स्टेशनात शिरलो तेव्हा एक पस्तीस झाले होते. गाडी उभी होती. पुण्याकडून आलेल्या गाड्या इथून मनमाडकडे जाताना आल्या दिशेलाच परत निघतात. म्हणून पुढचं इंजिन काढून मागच्या टोकाला दुसरं लावतात, आणि शेवटचा डबा पहिला होतो. आम्ही उलटे चढून आलो होतो आणि इथे एवढी मोठी आगगाडी उलटी निघाली होती. डिझेल इंजिन घुरघुरत जोडलं जात होतं. त्याच्या चाकांपुढे रुळावर वाळूची बारीक रेघ दिसली. धावता धावता मी दिनकरला विचारलं. इंजिनाची चाकंही रुळावर घसरतात, म्हणून वाळू सोडतात, तो म्हणाला. एवढ्या अजस्र यंत्राला चिमूटभर वाळूचा आधार लागतो. उभं राहून नीट बघायला वेळ नव्हता, पण ती रेघ अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

मंगल डब्याच्या दारातच उभी होती, आधी रडून झालेली. जावयांनी खाली उतरून आबांच्या पाया पडून घेतलं. मोठा मुलगा खिडकीतून 'मामा, मामा' करत होता. मंगलने बाळ आबांच्या हातात दिलं. आबांनी प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून मांडीवर घोंगडं पसरलं, त्यात नात ठेवली आणि एकेक पदर असा आवळला की फक्त तोंड आणि एक हात बाहेर राहिला. लोकर चांगली खरखरीत होती. आमच्याकडे कुणी तान्ह्या बाळाला असलं काही लावू दिलं नसतं. बाळाने तोंड वाकडं केलं, रडायचा विचार केला आणि मग सोडून दिला. बाहेर राहिलेल्या हाताने तिने आबांचं बोट धरलं.

दोन-चार मिनिटं तशीच गेली. मग भोंगा झाला. जावई म्हणाले, आबा, चला आता. मंगलने बाळ घ्यायला हात पुढे केले, पण मूठ सुटेना. चिमुकली बोटं तिला एकेक करून उलगडावी लागली.

गाडीने आधी एक झटका खाल्ला, मग हलली. आबा डब्याबरोबर चार पावलं चालले आणि थांबले. गाडी आल्या वाटेने परत गेल्यासारखी निघाली आणि पुढे वळून उत्तरेला दिसेनाशी झाली.

बाहेर येऊन गाडीपाशी पोचलो. सुमनने सवयीने आबांसाठी मागचं दार उघडलं. आबा पुढून वळसा घालून गेले आणि दिनकरच्या शेजारी बसले. मांडी रिकामी होती, त्यामुळे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. दिनकरने किल्ली लावली, पण फिरवली नाही. पाडव्याचं काय, असं त्याने समोर बघतच विचारलं. जीपवाल्याला निरोप द्यायचा होता.

"नगं," आबा म्हणाले. "तीन वर्सांनी मंगल ह्याच टेसनावर उतरंल. पोर तवा चालत असंल. मी आसंन नसंन. ही गाडी घिऊन ये तिला न्यायला."

दिनकरने किल्ली फिरवली आणि पहिला गिअर इतक्या हळू सोडला की चाकं फिरायला लागल्याचं मला कळलंसुद्धा नाही.